धाकट्याचे स्वागत, थोरल्याचे काय?

घरात दुसरे बाळ आले की अभिनंदनाचा वर्षाव सुरू होतो. येणारा प्रत्येक जण पाळण्यात डोकावतो, टोपडे, दुपटे, चांदीचे वाळे पुढे करतो आणि मग दाराआडून हे सारे पाहणाऱ्या चार-पाच वर्षांच्या थोरल्याकडे वळून ठरलेले वाक्य उच्चारतो, "काय रे, दादा झालास ना आता! मग शहाण्यासारखे वागायचे हं!" मुलगी असेल तर त्यात थोडा बदल होतो, "ताई झालीस, आता आईला मदत करायची." बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते कसे लागत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. कालपर्यंत सारे घर ज्याला 'बाळ' म्हणून हाक मारत होते, त्याची ती हाकसुद्धा आज दुसऱ्याकडे गेली. बदल्यात त्याला मिळाली एक पदवी आणि तिच्यासोबत कर्तव्यांची यादी. नोकरीत बढती मिळाली की वेतन वाढते. या बिचाऱ्याला मात्र बढतीच्या दिवशीच वेतनकपातीला सामोरे जावे लागते.

हा विषय वरकरणी घरगुती आणि किरकोळ वाटेल. "आमच्या वेळी पाच-पाच, सात-सात भावंडे असत. कोणी केली होती थोरल्याच्या मनाची चौकशी? वाढलोच ना आम्ही?" असे ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या काळी दीड-दोन वर्षांच्या अंतराने घरात पाळणा हलत असे. 'एकुलते एक' ही अवस्था नीट उमगण्याआधीच संपलेली असे. शिवाय आई बाळंतिणीच्या खोलीत गेली, तरी थोरल्याचे जग तिच्याबरोबर दाराआड जात नसे. आजीची मांडी होती, काकूच्या हातचा मऊ भात होता, रात्री निजायला आत्याची कूस होती आणि दिवसभर हुंदडायला चुलत-आते भावंडांचा गोतावळा होता. मराठीत 'चुलत', 'मामे', 'मावस' ही विशेषणे आहेत खरी. पण हाक मारताना ती गळून पडत आणि उरे तो 'दादा' किंवा 'ताई'. त्या घरात जन्मलेले पहिले मूलसुद्धा खऱ्या अर्थाने एकटे नव्हतेच. वाटून घेणे, थांबणे, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे, हे सारे पाठचे भावंड येण्याआधीच त्याच्या अंगवळणी पडलेले असे.

आज चित्र पालटले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर २००५-०६ मध्ये २.१ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. देशाचा आकडा त्याच वेळी २.० होता. 'हम दो, हमारे दो' ही घोषणा ज्यांच्यासाठी दिली गेली, त्यांची मुले-नातवंडे आता तिच्याही पुढे निघून गेली आहेत. या आकड्याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. भावंडे कमी झाली की पुढच्या पिढीतले काका, मामा, आत्या, मावशी कमी होतात आणि त्यांच्याबरोबर चुलत, मामे, मावस भावंडेही. दोन एकुलत्या एकांचा विवाह झाला, तर त्यांच्या अपत्याला 'मामा' आणि 'काका' हे शब्द शेजारच्या गृहस्थांसाठीच वापरावे लागतात. मग चौकोनी फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पहिल्या अपत्याला पाच-सहा वर्षे आईवडिलांचे लक्ष अखंड मिळते. त्याने काढलेली रेघोटी फ्रिजवर चिकटते, त्याच्या प्रत्येक शिंकेची दखल घेतली जाते. हा त्याचा दोष नव्हे. आपणच त्याला असे वाढवले. आणि मग एके दिवशी, कोणतीही पूर्वतयारी नसताना, त्याने हे सारे आनंदाने वाटून घ्यावे अशी अपेक्षा आपण करतो.

त्यातही एक मजेशीर विसंगती आहे. दुसऱ्या अपत्याचा निर्णय घेताना आजचे सुशिक्षित दांपत्य जे कारण आवर्जून सांगते, ते असे : "याला सोबत म्हणून." म्हणजे धाकट्याचे आगमन थोरल्यासाठीच आहे! मग थोरल्याला सांगितले जाते, "बाळ तुझ्याशी खेळायला येणार आहे." तो मनाशी बॅट-बॉलचे बेत रचतो. प्रत्यक्षात घरी येते ते केवळ रडणारे, झोपणारे आणि दूध पिणारे एक लालबुंद गाठोडे. हे खेळणार कधी? त्याला तर मानसुद्धा धरता येत नाही! चार दिवसांत थोरल्याच्या लक्षात येते की आपली फसवणूक झाली. 'याला परत पाठवून द्या' असे तो म्हणाला, तर आपण दचकतो. पण ज्या मालाचे वर्णन एक आणि वस्तू दुसरीच, तो परत करण्याची मागणी कोणताही ग्राहक करील! त्यापेक्षा, "बाळ पहिले काही महिने नुसते रडेल, त्याचे फार करावे लागेल, कधी कधी तुला त्याचा रागही येईल," असे खरे सांगितलेले मूल अधिक सावध आणि म्हणून अधिक शांत राहते.

व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या अवस्थेला पदच्युत राजाची उपमा दिली होती. गादीवर बसलेल्या पहिल्या अपत्याला दुसरे येऊन खाली उतरवते, असे त्यांचे निरीक्षण. (स्वतः ॲडलर हे घरातले दुसरे अपत्य, तेव्हा गादीवर बसणाऱ्याची बाजूही त्यांना ठाऊक असणार!) जन्मक्रमावरून माणसाचा स्वभाव जन्मभरासाठी ठरतो, हा त्यांच्या विचाराचा पुढचा भाग मात्र टिकला नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासणारा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जन्मक्रमाचा स्वभावाशी सांगण्याजोगा संबंध आढळला नाही. तेव्हा 'थोरले जबाबदार आणि शेंडेफळ लाडावलेले' हा आपला लाडका सिद्धांत आता पारावरच्या गप्पांपुरताच ठेवावा. पण गादी जाण्याचे दुःख खरे आहे.

त्या दुःखाचा बारकाईने मागोवा केंब्रिजमध्ये ज्युडी डन आणि कॅरोल केंड्रिक या संशोधक महिलांनी घेतला. दुसऱ्या बाळाच्या जन्माच्या आधीपासून त्यांनी ४० कुटुंबांच्या घरी जाऊन निरीक्षणे केली आणि १९८२ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. बाळ आल्यावर आई आणि थोरले मूल यांच्यातले खेळ आणि संवाद कमी झाले, खटके वाढले, हे त्यांना दिसले. ते अपेक्षितच होते. महत्त्वाचे निरीक्षण वेगळेच आहे. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाविषयी 'एक माणूस' म्हणून बोलत असे, बाळाला काय हवे असेल, ते का रडत असेल, याच्या चर्चेत त्याला सामील करून घेत असे, त्या घरांतील भावंडांचे संबंध पुढच्या महिन्यांत अधिक स्नेहाचे राहिले. हे वाचताना आपल्याकडच्या आज्या आठवतात. "बघ बघ, तुझा आवाज ऐकून कशी टकामका बघते आहे!" असे म्हणत नात पुढ्यात घेऊन बसणारी आजी याहून वेगळे काय करत होती? तिने कोणताही प्रबंध वाचला नव्हता. पण 'तू आता मोठा झालास' असे ऐकवण्यापेक्षा 'हिला तू आवडतोस' असे ऐकवणे अधिक मोलाचे, हे तिला उमगले होते.

अर्थात या विषयाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. मिशिगन विद्यापीठातील ब्रेंडा व्हॉलिंग यांनी २४१ कुटुंबांचा आईच्या गरोदरपणापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बहुसंख्य थोरली मुले या बदलाने फारशी डळमळत नाहीत. काही दिवस ती बोबडे बोलतात, दुधाची बाटली मागतात, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते. 'बाळासारखे वागले तर बाळासारखे प्रेम मिळेल' हा त्यांचा साधा हिशेब असतो. अशा वेळी "एवढा घोडा झालास आणि...!" असे म्हणणारे पालक त्या हिशेबाला नकळत दुजोराच देतात. दोन दिवस बाटली द्यावी, मांडीवर घ्यावे. बाटलीतल्या दुधाला पेल्यातल्याहून वेगळी चव नाही, हे त्याचे त्यालाच कळते.

मला अधिक काळजी वाटते ती त्रास देणाऱ्या मुलाची नव्हे. आदळआपट करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जाते. काळजी वाटावी अशी मुले म्हणजे एकाएकी फार गुणी झालेली. बाळ आल्यापासून जी काही मागत नाहीत, हट्ट करत नाहीत, आईने "थांब जरा" म्हटले की निमूटपणे थांबतात आणि थांबूनच राहतात, ज्यांच्याविषयी शेजारीपाजारी "किती समजूतदार हो!" म्हणतात. समजूतदारपणाची ही कौतुके त्या मुलाला एक धडा शिकवतात : या घरात आपल्याला जागा हवी असेल, तर आपले काही मागायचे नाही. असा धडा गिरवलेली कित्येक थोरली माणसे आपल्या ओळखीच्या घरांत असतात. सर्वांचे करतात, स्वतःसाठी काही मागत नाहीत आणि पन्नाशीत एखाद्या क्षुल्लक कारणावरून, वाटणीतल्या एका तांब्यावरून म्हणा, असे भडकतात की सगळे अवाक् होतात.

मुलीच्या बाबतीत हा धडा दुपटीने गिरवून घेतला जातो. आपल्याकडे थोरल्या मुलीला 'अर्धी आई' म्हणण्याची पद्धत आहे. शब्द गोड आहे. पण पाच-सहा वर्षांच्या मुलीला अर्धी आई म्हणणे म्हणजे तिचे अर्धे बालपण काढून घेणेच नव्हे काय? मराठीत धाकट्या भावंडाला 'पाठचा' किंवा 'पाठची' म्हणतात. अमकीच्या पाठीवर भाऊ झाला, असे आपण सहज बोलून जातो. पाठीवर आलेल्याचे वजन असते, हे भाषेला ठाऊक असावे. आणि पाठीवर भाऊ आला तर ती गुणाची, बहीण आली तर तिचे कौतुक आखडते, हा व्यवहार आपल्या समाजातून पुरता गेलेला नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकुशा' नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ती जुनी नावे ज्या अपेक्षेपोटी ठेवली गेली होती, ती अपेक्षा पाठच्या भावाचीच होती. जी मुलगी येणाऱ्या भावाची वाट मोकळी करण्यासाठीच असते, तिने भाऊ आल्यावर निखळ आनंद मानावा, ही मागणी क्रूर आहे.

थोरलेपणाचे हे ओझे शिक्षणाच्या आड येते, हे ज्यांनी डोळसपणे पाहिले त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे अग्रक्रमाने घ्यावी लागतील. १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना त्यांना आढळले की त्यांतली पुष्कळशी घरी धाकटी भावंडे सांभाळत असतात. आईबाप मजुरीला गेलेले. सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर तान्हे घेऊन दारात उभी. तिला 'शाळेत ये' असा उपदेश करून काय उपयोग? या दोघींनी उपदेश केला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी केली. ताईने बाळाला घेऊनच यावे, बाळ पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. थोरल्या भावंडाची अडचण हा त्याचा किंवा तिचा हट्ट नसून परिस्थितीचा पेच आहे आणि तो मोठ्यांनीच सोडवायचा असतो, हे एवढ्या थेटपणे क्वचितच कोणी कृतीत आणले असेल. आपल्या फ्लॅटमधला पेच त्यामानाने फारच सोपा आहे.

तो सोडवण्यात सर्वांत मोठा वाटा वडिलांचा आहे, आणि नेमके तेच बारशाचा हॉल, जेवणाची पाने आणि नर्सिंग होमचे बिल यांत गुंतलेले असतात. बाळंतिणीचे पहिले काही आठवडे बाळाच्या भुकेच्या घड्याळावर चालतात. तिला दोष देता येत नाही. मग थोरले मूल कोणाचे? ते या काळात वडिलांचे असले पाहिजे. रात्रीची गोष्ट, सकाळची अंघोळ, शाळेचा डबा ही कामे बाळ येण्याआधी दोन-तीन महिने हळूहळू वडिलांकडे आली, तर 'बाळ आले आणि आई गेली' असे मुलाला वाटत नाही. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ ऐवजी २६ आठवड्यांची रजा मान्य झाली, हे योग्यच झाले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत ती बहुधा कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. जेथे मिळते तेथेही ती घेणाऱ्याची थट्टा होते. "तुझे काय काम आहे रे तिथे?" असे सहकारी विचारतात. काम आहे, आणि ते घरात दुसऱ्या खोलीत खेळणी मांडून बसले आहे, हे उत्तर देण्याचे धैर्य तरुण पित्यांनी दाखवायला हवे.

आजीआजोबांनीही एक पथ्य पाळावे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, दुसऱ्या वेळी मात्र थोरल्याच्या शाळेमुळे बहुधा आजीच मुलीकडे येते. तिच्या हातचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी असतात, हे खरेच. पण त्या डब्यात थोरल्यासाठी चार रव्याचे लाडू वेगळे ठेवायला कितीसे कष्ट पडतात? आणि बाळ पाहायला येणाऱ्यांनी आधी थोरल्याची विचारपूस करावी, मग पाळण्याकडे वळावे. बाळाचा मान तेवढ्याने कमी होत नाही. त्याला अजून कळतही नाही.

आणखी एक चूक हमखास घडते. बाळ येणार म्हणून थोरल्याला नेमक्या त्याच महिन्यात बालवाडीत घालतात, आईच्या खोलीतून त्याचे अंथरूण हलवतात, वर पाळणाही त्याचाच काढून धाकट्याला देतात. मोठ्यांच्या दृष्टीने ही सोय. मुलाच्या दृष्टीने ही हकालपट्टी. शाळा, बिछाना, पाळणा यांतले जे काही बदलायचे ते चार महिने आधी बदलावे किंवा बाळ रुळल्यावर. इस्पितळात लहान मुलांना आत सोडत नाहीत, हा नियम अनेक ठिकाणी असतो. नैसर्गिक प्रसूती असेल तर दोन-तीन दिवस, सिझेरियन असेल तर त्याहून अधिक काळ आई दिसत नाही. कोणत्या दिवशी परत येणार हे तिने आधी सांगावे, रोज फोनवर बोलावे, आणि घरी परतताना बाळ दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन स्वतः मोकळ्या हातांनी दारातून आत यावे.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधला श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, तो प्रसंग वाचून आजही डोळे भरून येतात. पालक तो प्रसंग मुलांना सांगतात आणि लगोलग त्याच त्यागाची अपेक्षा ठेवतात. पण तेव्हा श्याम घरापासून दूर शिकायला राहिलेला, बराच मोठा मुलगा होता. आणि त्याआधी भावाशी पुष्कळ भांडून झाले होते! बंधुप्रेम भांडणाच्या मार्गानेच येते, तेही सावकाश.

म्हणून बाळाचा तिसरा महिना उलटला, थोरला शांत आहे, म्हणजे आता सारे सुरळीत झाले, असे समजून निर्धास्त होऊ नये. पाळण्यातले बाळ त्याच्या राज्याची सीमा ओलांडत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात ते रांगू लागते, आणि तेव्हा खरा सामना सुरू होतो. ठोकळ्यांचा किल्ला पडतो, चित्रांची वही फाटते, रंगीत खडू तोंडात जातो. "लहान आहे रे ते, देऊन टाक," असे म्हणणे सर्वांत सोपे असते. त्याऐवजी बाळाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर एक फळी थोरल्याच्या नावाची ठेवावी. तिथल्या वस्तू वाटायच्या की नाही, कधी वाटायच्या, हे त्याने ठरवावे. पहिले काही आठवडे तो त्या फळीवरचे काहीही खाली देणार नाही. देऊ नये. मग एखाद्या दुपारी, कोणी सांगितलेले नसताना, तो स्टुलावर चढून एक जुनी, चाक निखळलेली मोटार खाली काढील आणि रांगत्या बाळापुढे ढकलील. ती त्याच्या नावडत्या खेळण्यांपैकी असेल, याकडे मोठ्यांनी काणाडोळा करावा.